जामसरच्या पाड्यावरचा प्रश्न : परत कधी येणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाचे आम्ही पाचजण जामसरला गेलो होतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातले हे गाव. सोबत दोन पोती जुने कपडे आणि चार खोकी बिस्किटे होती. वस्तीतल्या माता-भगिनींनी रुपया-रुपया जमवून ती घेतली होती. भाताची लावणी उरकत आली होती. पाड्यावरच्या एका घराच्या ओटीवर आशाताई लहान मुलांचे वजन घेत होत्या. आढ्याला काटा टांगलेला, काट्याला कापडाची झोळी आणि झोळीत रडणारे मूल. आई बाजूला उभी राहून आकड्याकडे बघत होती.

आम्ही खोकी उघडली. मुले धावली, फोटो निघाले. गर्दी ओसरल्यावर आशाताईंनी मला विचारले, "दादा, बिस्किटं चांगली आहेत. पण ती उद्या संपतील. तुम्ही परत कधी येणार?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. परतीच्या एसटीत आम्ही पाचजण फारसे बोललो नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध आहे.

वावर-वांगणीची आठवण

जव्हार-मोखाडा हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथम ऐकले ते 1992 साली. त्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषण आणि आजारपणाने शंभराहून अधिक बालके दगावली. साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. मंत्री आले, पत्रकार आले, संस्था आल्या. नंतर योजनाही आल्या. 2005 साली कुपोषणाविरुद्ध राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. त्याला युनिसेफ या जागतिक संस्थेचे सहकार्य होते. 2015 साली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. तरीही दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आई भट्टीवर गेली की मूलही तिच्याबरोबर जाते आणि वजनाची वही पाड्यावरच राहते.

म्हणजे मदत येतच नाही असे नाही. ती येते आणि निघून जाते. एका संस्थेच्या माडीवर मी लहान मुलांचे वजन करण्याचे विजेवर चालणारे यंत्र पाहिले आहे. परदेशातून भेट आलेले. ते बिघडले तेव्हा दुरुस्त करणारा कोणी नव्हता. चकचकीत यंत्रावर धूळ बसली होती. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण दिल्यानंतर तो परत आला नव्हता. आम्ही तरी वेगळे काय केले होते?

जामखेडने काय केले?

मग परदेशी मदत कुठे खरोखर रुजली आहे का? रुजली आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला जामखेड हा दुष्काळी तालुका. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य तिथे आले. दोघेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. तिथले त्यांचे गुरू डॉ. कार्ल टेलर यांचा जन्म मसुरीचा, त्यामुळे भारताची खेडी त्यांना परकी नव्हती. जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशननेही जामखेडच्या कामाला पाठबळ दिले.

आरोळ्यांनी प्रथम शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यांत पाठवून पाहिले. त्या तिथे राहीनात, आणि गावही त्यांचे ऐकेना. मग विचार पुढे आला की गावातल्याच बाईला का शिकवू नये? गावांनी आपापल्या बाया निवडल्या. पुष्कळजणी निरक्षर होत्या. कोणी नवऱ्याने टाकलेल्या, कोणी विधवा, आणि अनेकजणी दलित समाजातल्या. दर आठवड्याला त्या जामखेडच्या केंद्रात यायच्या. एकत्र बसायच्या, एकत्र जेवायच्या. बाळाचे वजन कसे घ्यावे, बाळंतपणात हात आणि पाते स्वच्छ का हवे, जुलाब झालेल्या मुलाला काय पाजावे, हे त्या शिकायच्या आणि गावात जाऊन सांगायच्या. ज्या घरांत त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्याच घरांतल्या सुना पुढे बाळंतपणासाठी त्यांना बोलावू लागल्या.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. दुष्काळात पाण्यासाठी बोअर घेण्याची वेळ आली तेव्हा अनेक गावांत बोअर घेतले गेले ते दलित वस्तीत. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाला त्याच हातपंपावर यावे लागले. 1927 साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर माणुसकीचा हक्क बजावला. त्याच पाण्याचा प्रश्न इथे आरोग्याच्या वाटेने पुढे आला. जात ही सुद्धा एक रोगाची जागा आहे. पाणी ज्याला मिळत नाही त्याचेच मूल आधी जुलाबाने जाते, हे जामखेडने ओळखले.

परिणाम काय झाला? 1971 साली त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1996 पर्यंत हा आकडा 26 वर आला. मोठे इस्पितळ किंवा महागडे यंत्र एवढ्याने हे साधले नाही. पोषण, स्वच्छ पाणी, लसी, सुरक्षित बाळंतपण आणि घरोघर जाणारी गावची बाई यांनी मिळून ते केले.

शिकवणारे शिकायला आले

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढले. त्यात चीन, क्युबा, टांझानिया यांच्या अनुभवांबरोबर जामखेडचाही अनुभव होता. 1978 च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरी 134 देशांचे प्रतिनिधी जमले. प्राथमिक आरोग्यसेवा हा माणसाचा हक्क आहे आणि 2000 सालापर्यंत सर्वांना आरोग्य मिळावे, असे तिथे जाहीर झाले. 1979 साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

1988 साली जामखेडच्या एक आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात मोठमोठी झुंबरे लखलखत होती. मुक्ताबाईंनी सोबत साध्या वातीचे दोन दिवे आणले होते. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की डॉक्टर झुंबरासारखे असतात, सुंदर पण महाग आणि गरिबाच्या हाताला न लागणारे. हा छोटा दिवा मात्र स्वस्त आहे आणि एका दिव्याने दुसरा दिवा लागतो. खेड्यातली बाई जगाच्या डॉक्टरांना धडा देत होती. आजवर अनेक देशांतले विद्यार्थी जामखेडला येऊन या बायांकडून शिकून गेले आहेत. खरी भागीदारी हीच. देणारा एका वेळी घेणाराही झाला.

जगात सगळीकडे असे झाले नाही, हेही सांगायला हवे. अल्मा-आटाला एक वर्ष होते न होते तोच, एवढे सगळे परवडणार नाही, निवडक चार गोष्टीच करू, असा विचार पैसा देणाऱ्या मोठ्या संस्थांत पुढे आला. लसी आणि जुलाबावरची पुडी यांनी लाखो बालके वाचली, हे खरेच. पण पाणी, जमीन, मजुरी, जात हे प्रश्न बाजूला पडले, कारण त्यांचा निकाल वर्ष-दोन वर्षांच्या अहवालात दाखवता येत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी वेगळी वाट धरली. तेही जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकून परतलेले. त्यांनी 39 गावांत स्थानिक बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली.

कारकुनाचा हिशेब

मी कारकून माणूस. जमाखर्चाच्या वहीत एक साधा नियम असतो. जे वापरले आणि संपले तो खर्च. जे वर्षानुवर्षे उपयोगी पडते ते भांडवल. आमची बिस्किटे खर्चात गेली. जामखेडला आलेला परदेशी पैसा बाईच्या शिक्षणात गेला, तो भांडवल झाला. मदत अमेरिकेतून आली की कल्याणच्या वस्तीतून आली, याने फरक पडत नाही. ती कोणत्या खात्यावर पडली याने पडतो.

आणि या भांडवलाची आपण कदर किती करतो? 2005 पासून देशात आशा स्वयंसेविका काम करत आहेत. आज त्या सुमारे दहा लाख आहेत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक सन्मान केला. जिनिव्हात टाळ्या वाजल्या. पण इकडे त्यांना अजून 'स्वयंसेविका' म्हणतात आणि पगाराऐवजी मोबदला देतात. हक्काच्या मागण्यांसाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. दिव्याला हार घालायचा आणि तेल घालायचे नाही, असा हा प्रकार आहे.

आपण काय करावे?

प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिची बैठक होते का, पैसा कशावर खर्च होतो, हे ग्रामसभेत विचारता येते. ज्यांचे मूळ गाव आहे त्यांनी पुढच्या सुट्टीत हा प्रश्न जरूर विचारावा. शहरातल्या वस्तीत अंगणवाडी सेविकेला भेटून आपल्या मुलाचे वजन दर महिन्याला लिहून घ्यावे. वजन एकाच जागी अडले तर मूल आजारी पडण्याची वाट पाहू नये.

जुलाब झालेल्या मुलाचे दूध किंवा जेवण बंद करू नये. आशाताईंकडे जुलाबाची पुडी मिळते. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावे. साखर-मीठ मोजूनच घालावे. डोळे खोल गेले, मूल निपचित पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.

आमच्या मंडळानेही एक ठराव केला आहे. यंदा कपडे-बिस्किटे नाहीत. दर दोन महिन्यांनी एक रविवार जामसरचा. काय लागते ते आशाताई सांगतील आणि आम्ही ऐकू. पहिल्या खेपेला त्यांनी काय मागितले असेल? वजनाच्या झोळीसाठी जाड कापड आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या आयांसाठी वजनाची छोटी वही, जी आईबरोबर भट्टीवर जाईल आणि परत येईल.

कापड आमच्या वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी शिवून दिले. वह्या मी कचेरीतून सुटल्यावर रात्री आखल्या. खर्च फारच थोडा आला. ओटीवर झोळी टांगली गेली तेव्हा आशाताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आम्ही तारीख सांगून आलो.

जयभीम!