लेझर कटर घेण्याआधी

दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या आपल्या बचत गटांतल्या ताई विचारतात, मोठं लेझर कटर घ्यायचं तर कोणतं? किंमत नंतर विचारा. आधी महिन्याभरात आपण काय काय कापतो, ते वहीत लिहून काढा.

काचेच्या नळीचं सीओटू लेझर अ‍ॅक्रिलिक, प्लायवूड, एमडीएफ छान कापतं. अ‍ॅक्रिलिकची कड तर चकचकीत निघते. एसीपी शीटमध्ये अ‍ॅल्युमिनियम असतं, तिला सीएनसी राउटर लागतो. पीव्हीसीचा सनबोर्ड, व्हिनाइल आणि फ्लेक्स मात्र लेझरवर कधीच कापू नका. त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना घातक असतो, मशीनही गंजतं. तुमचं बरंचसं काम सनबोर्डचंच असेल, तर लेझरसाठी गटावर कर्जाचा बोजा कशाला?

आता आकार. अ‍ॅक्रिलिकची मोठी शीट 8 बाय 4 फुटांची येते. 4 बाय 3 फुटांच्या मशीनवर ती आधी तुकडे करूनच ठेवावी लागते. पण मशीन पुढून-मागून उघडणारं असेल, तर अख्खी शीट सरकवत कापता येते.

नळीचं पाणी थंड ठेवणारा चिलर आणि धूर बाहेर नेणारा पंखा खर्चात धरा. नळी कधीतरी बदलावी लागतेच, तिचीही किंमत विचारा.

पैसे देण्याआधी आपली शीट नेऊन समोर कापून घ्या. आणि अ‍ॅक्रिलिक पेट घेऊ शकतं, म्हणून मशीन चालू असताना एकजण जवळ हवीच. हाताशी अग्निशामक नळकांडंही हवं.