प्रकाशवेगाचे घरगुती मोजमाप

इ.स. 1849 मध्ये फिझो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने पॅरिसच्या परिसरातील सुरेन आणि मोंमार्त्र यांच्यामधील साडेआठ किलोमीटरांहून अधिक अंतरावर किरण धाडून, 720 दातांच्या फिरत्या चक्रातून तो परत घेऊन प्रकाशाचा वेग मोजला. परंतु भिलाईच्या कॅम्प-1 मधील कोणा जिज्ञासूस असा प्रयोग राहत्या घरी करावासा वाटल्यास त्याने फिझोचा नाद सोडून फूकोचा आश्रय करावा, हे उत्तम. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत ज्याचा लंबक पाहावयास मिळतो, तोच हा फूको.

1862 साली त्याने अंतर्वक्र आरशांच्या योगे प्रकाशाचा मार्ग दुमडून अवघ्या वीस मीटरांवर आणला आणि एक लहानसा आरसा सेकंदास सुमारे 400 वेळा फिरविला. किरण दूरच्या आरशावरून परत येईतो हा आरसा यत्किंचित वळलेला असे, सबब परतलेली प्रतिमा मूळ जागेपासून 0.7 मिलिमीटर सरके. एवढ्याशा सरकण्यावरून त्याने सेकंदास 2,98,000 किलोमीटर हा वेग काढला, आणि आजच्या 2,99,792.458 या आकड्याच्या मानाने त्यातील चूक शेकडा एकाहूनही कमी भरते. आरसा फिरविणाऱ्या हवेचा दाब स्थिर राखणारा भाता काव्हाये-कोल या ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराचा होता, ही गोष्ट मला त्या आकड्याइतकीच मोलाची वाटते.

आज हवेच्या जागी वेगवान मोटर आणि दिव्याच्या जागी लेसर आला, तरी कसोटी हिशेबाची नसून हातकामाचीच राहिली आहे. आरसा अक्षावर समतोल बसला नाही, तर मोटर थरथरते आणि प्रकाशाचा ठिपका पसरून मोजणी व्यर्थ जाते. मात्र 1955 च्या सोव्हिएत करारानंतर जेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि लेथ, मायक्रोमीटर हे शब्द घरोघरी रुळले, त्या भिलाईत असा आरसा बसविण्याची चकती कातून देणारा कारागीर दुर्मिळ नसावा. सेकंदास 400 फेऱ्यांचा गुणगुणाट हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या निकट येतो, म्हणून कानाला अंदाज मिळतो. नेमकी गणती मात्र फोटोडायोडवर सोपवावी. मोटर आधी सुलट, मग उलट फिरवून दोन्ही ठिपक्यांमधील अंतर मोजल्यास सरकणे दुप्पट होते आणि शून्याची जागा शोधण्याची यातायात वाचते.

मिनिटास 24,000 फेऱ्या घेणाऱ्या काचेचा भरवसा धरू नये. तिच्याभोवती लोखंडी पत्र्याचे कवच असावे, आणि लेसरचा झोत, थेट असो वा परावर्तित, कोणाच्या डोळ्यांच्या पातळीवर येता कामा नये.