लेसरने केस जातात, पण किती?

दिग्रसकडच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. घरची शेती, रंग सावळा. पाठीवर आणि खांद्यांवर दाट केस आहेत आणि दाढी केली की मानेवर पुटकुळ्या उठतात. लग्न वैशाखात ठरले असून त्याला अडीच महिने उरले आहेत. ‘एका सिटिंगमध्ये लेसरने सगळे केस कायमचे निघतील काय?’ असे त्यांनी विचारले आहे आणि शेवटी ‘नाव छापू नये’ अशी विनंती केली आहे. नाव छापत नाही. पण यात लाजण्यासारखेही काही नाही. असे विचारणारे पुरुष आता पुष्कळ आहेत.

उत्तर आधीच सांगतो. एका सिटिंगमध्ये हे होत नाही, सगळे केस जात नाहीत आणि लग्नाच्या तोंडावर तर हा उपचार सुरू करू नये.

केसाच्या मुळाशी मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते. लेसरचा प्रकाश हे रंगद्रव्य शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजून निकामी होते. विशिष्ट रंगावरच काम करणाऱ्या प्रकाशाचे हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ साली मांडले. पांढऱ्या केसात रंगद्रव्यच नसते, म्हणून कानावरचे पांढरे केस घेऊन आलेल्या काकांना हात हलवत परत जावे लागते.

अडचण अशी की तेच रंगद्रव्य आपल्या कातडीतही असते. आपल्याकडची काळी जमीन उन्हात कशी तापते, हे अनवाणी चाललेल्यास सांगायला नको. सावळ्या, त्यातही उन्हाने रापलेल्या कातडीचे तसेच आहे. केसासाठी सोडलेली उष्णता कातडीच ओढून घेते. मग फोड येतात, काळे डाग पडतात, क्वचित पांढरे चट्टे राहतात. काळे डाग जायला कित्येक महिने लागतात. म्हणून आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग किंवा नीट बेताने वापरलेले डायोड यंत्र बरे. ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला चालते, आपल्याला त्यात धोका अधिक. ‘यंत्र कोणते आणि माझ्या रंगाला चालेल का?’ हे विचारायला संकोच करू नये. उत्तर देता येत नसेल तर तेथून उठून यावे.

सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढतीत असतात, काही विसाव्यात. लेसर वाढतीतल्या केसांवरच चालतो. त्यामुळे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात. पुरुषांच्या पाठीला आणि खांद्यांना त्याहून जास्तही लागतात, कारण पुरुषी हार्मोनमुळे तेथे तिशीनंतरही नवे केस येत राहतात. केस विरळ आणि बारीक होतात. पुढे वर्षा-दोन वर्षांनी एखादे सिटिंग पुन्हा घ्यावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही ‘कायमची घट’ हाच शब्द मान्य केला आहे. थोड्या लोकांत तर उलटे होते. उपचार केलेल्या जागेच्या कडेने नवी लव दाट येते.

आधी चार आठवडे वॅक्सिंग करू नये, केस उपटू नयेत. मूळच नसेल तर लेसर भाजणार काय? आदल्या दिवशी मात्र वस्तरा फिरवून जावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, जखमेचे व्रण फुगत असतील किंवा अंगावर कोड असेल, तर डॉक्टरांना सांगावे. गोंदणावर लेसर मारू देऊ नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो आणि दाट केसांत तो जास्त जाणवतो. बधिर करणारे मलम मात्र मनाने सबंध पाठीवर चोपडून प्लास्टिक गुंडाळू नये. ते औषध रक्तात उतरून अमेरिकेत जीव गेल्याच्या घटना आहेत.

नंतर दिवसभर लाली आणि थोडी सूज असते. दोन-तीन आठवड्यांत भाजलेले केस वर येऊन गळतात. ते ‘पुन्हा उगवले’ असे समजून घाबरू नये.

मानेवरच्या पुटकुळ्यांना मात्र हा उपचार खरोखर उपयोगी आहे. आखूड कापलेला केस वळून कातडीत घुसतो, त्यामुळे त्या येतात. फक्त दाढीची रेघ आखताना विचार करावा. फॅशन बदलते, गेलेले केस मागता येत नाहीत.

आणखी एक उपयोग ट्रॅक्टर-ट्रक चालवणाऱ्यांनी ऐकावा. माकडहाडाजवळच्या घळीत केस कातडीत घुसून गळू होते आणि ते पुन्हा पुन्हा पिकते. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांत ते इतके आढळले की ‘जीपचा रोग’ असे नाव पडले. तरुण रुग्णांवर तेथे झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या काळजीने वर्षभरात तिघांपैकी एकाला ते परत झाले, लेसरची जोड दिलेल्यांत दहापैकी एकालाच.

आता आपल्या वाचकांचे लग्न. अडीच महिन्यांत फार तर दोन सिटिंग होतील, तीही फाल्गुन-चैत्राच्या उन्हात. त्यापेक्षा लग्नापुरते ट्रिमरने केस आखूड करावेत आणि उपचार दिवाळीनंतर सुरू करावा. कापूस वेचणीचे ऊन असेल, तर पाठीला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मानेला दुपट्टा पुरतो. तोवर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात कातडी दाखवून ठेवावी. खर्च एका सिटिंगचा नव्हे, सगळ्या मिळून किती ते आधीच विचारावे. आणि कधी फोड आलाच तर थंड पाणी लावावे, तो फोडू नये, टूथपेस्ट किंवा हळद थापू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.