बहिणीचं शेत, मामाचं सोनं

इंडोनेशिया म्हटलं की आपल्याकडे बाली आठवतं, फार तर बोरोबुदूर. पश्चिम सुमात्रातल्या भातशेतीच्या गावांत आपल्यापैकी सहसा कुणी जात नाही. मी गेलो तो एका सहकाऱ्यामुळे. जकार्तातल्या प्रोजेक्टवर आम्ही दीड वर्ष शेजारी बसून कोड लिहीत होतो. ईदच्या सुट्टीत तो म्हणाला, "चल माझ्या गावी." पाडांगपर्यंत विमान, पुढे तीनेक तास घाटाचा रस्ता. बातुसांगकरच्या अलीकडे, मारापी ज्वालामुखीच्या उतारावर वसलेलं गाव. खाली पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती, वर डोंगराच्या तोंडातून धूर. खानापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला चिखलणीचा तो वास ओळखीचाच.

गाव त्याच्या आईचं होतं. वडिलांचं गाव वेगळं, आणि तिथे त्याचा कसला हक्क नाही.

हे लोक मिनांगकाबाऊ. २०१० च्या जनगणनेत त्यांची संख्या साधारण ६५ लाख होती. जगातला सर्वात मोठा मातृवंशीय समाज तो हाच, असं म्हणतात. धर्माने मुसलमान, तेही चांगले कडक, पण घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. कूळही आईचंच लागतं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. आपल्याकडे 'घरजावई' म्हणून चिडवतात; इथे सगळेच घरजावई, चिडवणार कोण? अर्थात जावयाची जागा फार भक्कम नसते. झाडाच्या बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली, अशी एक म्हण जावयावर आहे.

मग घरात पुरुषाचं काम काय? बहिणीच्या घराकडे बघायचं. आईच्या भावाला तिथे 'मामाक' म्हणतात, ऐकायला आपल्या मामासारखंच. भाचरांचं शिक्षण, त्यांची लग्नं, शेताचे वाद, सगळं मामाकच्या डोक्यावर. घराण्याची 'दातुक' ही पदवीसुद्धा मुलाला न जाता भाच्याला जाते.

शेताचं सांगतो, कारण मला तेच सगळ्यात जास्त डोक्यात राहिलं.

पूर्वजांकडून आलेल्या जमिनीला 'पुसाका तिंग्गी' म्हणतात, म्हणजे उंच वारसा. ती एकेकट्या माणसाची नसते, आईकडून जोडलेल्या सगळ्या कुटुंबाची असते. त्यातले तुकडे बहिणींना, मावश्यांना कसायला नेमून दिलेले. तुकड्याला म्हणतात 'पिरिंग', म्हणजे ताटली. कुणाकडे तीन ताटल्या, कुणाकडे पाच. पीक तिचं, जमीन सगळ्यांची. दक्षिणेला केरिंची खोऱ्यात तर तुकडे करायलाच नकोत म्हणून बहिणी आळीपाळीने शेत कसतात. यंदा थोरली, पुढल्या वर्षी मधली. आपल्याकडे पाच भावांत वाटणी होऊन बांधच बांध उरलेली शेतवडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली गंमत कळेल.

ही जमीन विकायची नाही. गहाण टाकता येते, पण रिवाजाने चारच कारणांसाठी: घरात मयत झालं आणि मातीला पैसे नाहीत, मोठी झालेली मुलगी बिनलग्नाची राहिली, वडिलोपार्जित मोठं घर गळायला लागलं, किंवा घराण्याचा प्रमुख गादीवर बसवायचा आहे. दवाखाना यात नाही आणि कॉलेजची फीही नाही.

गहाणाचा व्यवहार सोन्यात होतो. माप 'अमास', एक अमास म्हणजे अडीच ग्रॅम. सोनं देणारा शेत ताब्यात घेतो, कसतो, भात नेतो. व्याज नाही, मुदत नाही. तेवढंच सोनं परत दिलं की शेत परत. ऐकायला सोपं वाटतं. पण कर्ज सोन्यात असलं की ते सोन्याच्या भावाबरोबर वाढतं, पगार तसा वाढत नाही. १९६० चा सरकारी कायदा म्हणतो की गहाण सात वर्षं चाललं तर पैसे न घेता शेत परत करायचं. पण गावात शेजाऱ्याशी असं वागायला फार जण धजत नाहीत.

धर्मात आणि रिवाजात भांडण झालं नाही असं नाही. मक्केत स्थायिक झालेले तिथलेच एक मोठे विद्वान, अहमद खतीब, या वारशावर कडाडून तुटून पडले होते. इतरांनी तोड काढली: पूर्वजांची जमीन कुणा एकाची नाहीच, ती वक्फसारखी, मग वाटणी कशाची करणार? १९५२ मध्ये बुकिटिंग्गीला धर्मपंडित आणि घराण्यांचे प्रमुख बसले आणि ठरलं की जुनी जमीन रिवाजाने जाईल, स्वतः कमावलेलं शरियतप्रमाणे. म्हणून माझ्या मित्राचा जकार्ताजवळचा फ्लॅट त्याच्या मुलांना मिळेल आणि गावचं शेत भाचीला.

संध्याकाळी त्याची थोरली बहीण रेंदांग वाढताना विचारत होती, "तुझ्या बहिणीकडे शेत किती?" मी म्हटलं, उताऱ्यावर नाव आहे. मग तिने विचारलं, "कसते का?" नाही. "भात येतं का तिच्या घरी?" तेही नाही. आमच्याकडे कायद्याने मुलीला हक्क आहे, कर्नाटकात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून, हे मी तिला समजावून सांगितलं. आजोबा गेल्यावर आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या, हेही सांगितलं. 'हक्कसोड' हा शब्द भाषांतरित करताना मित्र दोनदा अडकला. शेवटी त्याने काय सांगितलं कोण जाणे, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि मामाक गप्प बसले?"

गावात सगळं गोड आहे असंही नाही. बहुतेक पोरं बाहेर असतात. 'मेरांताऊ' म्हणजे नशीब काढायला घर सोडणं, ही पुरुषांची जुनी रीत. पूर्वी सात-आठ वर्षांची मुलं रात्री 'सुराऊ'त, म्हणजे प्रार्थनाघरात झोपायची, कारण आईच्या घरात खोल्या लग्न झालेल्या मुलींच्या. तिथून पुढे शहर. इंडोनेशियाभर दिसणारी पाडांग खानावळ ही याच स्थलांतराची देणगी. पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हत्ता याच समाजातले. शिंगांसारख्या छपराची जुनी घरं मात्र रिकामी. मित्राच्या घरचेही शेजारच्या सिमेंटच्या घरात राहतात. जुन्या घरात लग्न आणि मयत एवढंच. मामाकने भाचरांना न विचारता शेत गहाण टाकल्याचे खटले कोर्टात भरपूर आहेत. सरकार घरोघरी जमिनीची प्रमाणपत्रं देतंय, तर नाव कुणाचं घालायचं यावरून भावंडांत अबोले. एकट्याच्या नावाचा कागद झाला की जमीन विकता येते, ही भीती खरी आहे.

मित्राच्या बहिणीची एक ताटली गहाण आहे. तिच्या मुलीला पाडांगला इंजिनीअरिंगला घातलं तेव्हा वीस अमास, म्हणजे पन्नास ग्रॅमवर दिली. कारण चारांत बसत नव्हतं. मावशी आजही त्यावरून टोमणे मारते. मोठ्या बैठकीत ठरलं, मुलीचं शिक्षणही गळक्या छपराइतकंच महत्त्वाचं, पण शेत सोडवायचं मामाकने.

म्हणून तो दर दोन-तीन महिन्यांनी पगारातून एक अमास घेतो. बायकोची तक्रार नाही, कारण तिचा भाऊ तिच्या माहेरच्या शेतासाठी हेच करतो. मी परत आलो तेव्हा अकरा झाले होते. मागच्या महिन्यात फोनवर चौदा म्हणाला. सोनं इतकं वाढलंय, थोडं थांब, असं मी सुचवलं. तो म्हणाला, भाचीला यंदा नोकरी लागली आहे, उरलेल्या सहातले दोन ती देणार आहे. पावसाच्या आधी सुटलं तर या हंगामाची लावणी बहीणच करील.