दृष्ट काढता? मग ही चाचणी जपून सोडवा

तुमच्या घरी बाळाची दृष्ट काढतात? दहाव्याला कावळा पिंडाला शिवेपर्यंत सगळे थांबतात? मग ‘स्किझोटायपल’ स्वभाव, म्हणजे विचित्र समजुती, संशय आणि तुटकपणा मोजणारी चाचणी सोडवताना घाबरून जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांच्या १९९१ च्या प्रश्नावलीत ७४ प्रश्न आहेत. टेलिपथीवर विश्वास आहे का? कुणी दिसत नसताना जवळ कोणीतरी असल्यासारखं वाटतं का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. आता वर्षश्राद्धाच्या दिवशी आपल्याकडे ‘नाही’ कोण म्हणेल!

मॉरिशसमध्ये (तिथे मराठी कुटुंबंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत) १,२०१ जणांना ही प्रश्नावली दिली, तेव्हा वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांतही या लक्षणांचे तेच तीन गट दिसले. पण गट सारखे असले तरी प्रत्येक ‘हो’चा अर्थ सारखा नसतो. निदानाच्या निकषांतही अट आहे, की ती समजूत त्या माणसाच्या समाजातल्या रूढींशी न जुळणारी हवी.

आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते, ती रीत. पण घरातला मुलगा सगळ्यांपासून तुटतोय, घरच्यांवरच संशय घेतोय, तर गुण मोजत बसू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.