इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्यांनी महिलांची चरबी खरंच कमी होते का?

व्यायाम करूनही मांड्या आणि नितंबांवरची चरबी उतरत नाही, अशी अनेक महिलांची तक्रार असते. त्यावर जिमच्या वर्तुळात कधीकधी एक उपाय सुचवला जातो: टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या. इस्ट्रोजेनमुळे चरबी साठते, मग ते अडवलं की चरबी उतरेल, असा यामागचा तर्क. प्रत्यक्षात शरीरात बरंचसं याच्या उलट घडतं.

ही औषधं मुळात कशासाठी आहेत?

स्तनाच्या कॅन्सरसाठी. या कॅन्सरच्या अनेक गाठी इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढतात. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ देत नाही. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोल वेगळ्या पद्धतीनं काम करतात. इस्ट्रोजेन तयार करणारं ‘अरोमाटेज’ हे एन्झाइम ती बंद पाडतात. वजन कमी करण्यासाठी यांपैकी एकाही औषधाला मान्यता नाही.

मग ती जिममध्ये कशी पोहोचली?

पुरुष बॉडीबिल्डर्समुळे. स्टेरॉइड घेतल्यावर शरीरात त्यातल्या काही भागाचं इस्ट्रोजेन होतं आणि पुरुषांची छाती सुजते. ते टाळण्यासाठी काही जण या गोळ्या घेतात. तोच सल्ला पुढे महिलांनाही दिला जाऊ लागला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’च्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत ही दोन्ही प्रकारची औषधं आहेत. त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्या महिला खेळाडूवर कारवाईही होऊ शकते.

इस्ट्रोजेन आणि चरबीचा संबंध काय?

चरबी कुठे साठावी, हे ठरवण्यात इस्ट्रोजेनचा मोठा वाटा असतो. ते पुरेसं असताना चरबी प्रामुख्यानं मांड्या आणि नितंबांवर साठते. रजोनिवृत्तीनंतर ते घटतं आणि चरबी पोटाकडे सरकते. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणाऱ्या चरबीचा मधुमेह आणि हृदयविकाराशी जवळचा संबंध आहे.

अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. पाळी सुरू असलेल्या महिलांच्या अंडाशयांचं काम इंजेक्शननं ५ महिने थांबवण्यात आलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विश्रांतीच्या अवस्थेत त्यांच्या शरीराला लागणारी ऊर्जा दिवसाला साधारण ५० कॅलरींनी घटली. स्नायू आणि हाडांची घनता कमी झाली, पोटावरची चरबी वाढली. ज्यांना सोबत इस्ट्रोजेन दिलं गेलं, त्यांच्यात ऊर्जेची ही घट दिसली नाही.

पाळी सुरू असताना लेट्रोझोल घेतलं तर?

इस्ट्रोजेन कमी झाल्याचा संदेश मेंदूला मिळतो आणि तो अंडाशयांना अधिक जोरात काम करायला लावतो. म्हणूनच वंध्यत्वावरील उपचारात बीजनिर्मितीसाठी हे औषध वापरलं जातं. भारतात या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. थोडक्यात, चरबी घटवायला घेतलेली गोळी बीजनिर्मितीला चालना देऊ शकते. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल, दोन्ही गर्भाला घातक ठरू शकतात, त्यामुळे हा धोका आणखी गंभीर होतो.

दुष्परिणाम किती गंभीर?

अंगातून गरम वाफा येणं आणि सांधे दुखणं हे नेहमीचे त्रास. पण धोका तेवढ्यावर थांबत नाही. ‘अटॅक’ या मोठ्या चाचणीत अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या ११ टक्के महिलांची हाडं मोडली. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७.७ टक्के होतं. टॅमॉक्सिफेनचे धोके वेगळे आहेत: रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. अमेरिकेत १३,३८८ महिलांवर झालेल्या चाचणीत या कॅन्सरचं प्रमाण टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये सुमारे अडीचपट आढळलं.

कॅन्सरच्या रुग्णाला हे धोके पत्करावे लागतात, कारण तिथे जीव वाचवायचा असतो. निरोगी महिलेच्या बाबतीत धोका तेवढाच राहतो, फायदा मात्र उरत नाही.

कॅन्सरवर उपचार घेणाऱ्यांनी काय करावं?

वजन वाढेल या भीतीनं काही महिला गोळी बंद करण्याचा विचार करतात. वरच्याच अमेरिकी चाचणीत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांचं वजन, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं नव्हतं. वजन वाढण्यामागे केमोथेरपी, वय, रजोनिवृत्ती आणि कमी झालेली हालचाल अशी इतर कारणंही असतात. गोळी स्वतःहून थांबवली, तर कॅन्सर परतण्याचा धोका वाढतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं.

‘इस्ट्रोजेन ब्लॉकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सप्लिमेंट्सचं काय?

कोबीवर्गीय भाज्यांमधल्या घटकांपासून केलेल्या अशा कॅप्सूल बाजारात मिळतात. त्यांनी महिलांची चरबी घटते, याचा ठोस पुरावा नाही.

मांड्यांवरची चरबी हा आजार नाही. वजन अचानक वाढत असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर थायरॉइड आणि पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. बाकी चरबी कमी करायला आहारावर लक्ष, पुरेशी झोप आणि वजन उचलण्याचा व्यायाम हाच मार्ग आहे. तो सावकाश चालतो, पण त्यानं हाडं मजबूत होतात. या गोळ्यांनी हाडांचंच नुकसान होऊ शकतं.