जरा पाठ टेकते

'वामकुक्षी' हा शब्द नांदेडच्या आमच्या घरात फक्त वडिलांसाठी वापरला जाई. जेवून ते डाव्या कुशीवर आडवे होत. माय तेवढ्यात भांडी उरकून भिंतीशी बसायची आणि म्हणायची, "जरा पाठ टेकते." दारात कुणी हाक मारली की उठलीच. थकव्याविषयी गेली काही वर्षं मी मिळेल ते वाचते आहे. पदवी कसलीच नाही, वह्या मात्र बऱ्याच भरल्या. आणि वाचता वाचता मी पुनःपुन्हा त्या भिंतीपाशी येते.

दुपारी दोन ते चारच्या सुमाराला येणारी सुस्ती नुसती जेवणाने येत नाही. शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळातच तिथे एक उतार असतो. उपाशी माणसालाही तो जाणवतो. पंधरा-वीस मिनिटांची झोप त्याला पुरते. तासभर लागली तर उठताना डोकं जड होतं. म्हणजे वडिलांचं शास्त्र बरोबर होतं, वाटणी चुकली होती. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७.

सासर लातूरचं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. लिटर मोजले गेले, झोप कुणी मोजली नाही. आमच्या गल्लीत टँकर रात्री कधीही यायचा. सहा माणसांच्या घरात त्याच्या हॉर्नकडे कान लावून एकच जण झोपायचं. तुकड्यातुकड्यांची झोप तासांनी पुरी भरली तरी अंगाला लागत नाही, हे मला पुस्तकाआधी तिथे कळलं. घरच्यांच्या मते माझी चिडचिड वाढली होती.

त्याच सुमाराला एक घागर जिन्याने वर नेली की मला बसावं लागे. दवाखान्यात सांगितलं, वयानुसार होतं. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९. बाईला किमान १२ हवं. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत कित्येकींचा रक्तस्राव वाढतो, आणि तो सोसायचा असतो असं आपण धरून चालतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत ४८ होत्या. थकवा आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल तर आधी रक्त, साखर, थायरॉइड बघावं. विश्रांतीच्या गप्पा नंतर. आणखी एक: भाकरीवर लगेच चहा घेण्याची आपली सवय. चहातले घटक भाजी-भाकरीतलं लोह शोषू देत नाहीत. चहा तासभर पुढे ढकलावा, वरणावर लिंबू पिळावं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

तरी अंग गळालेला दिवस येतोच. मी पूर्वी अशा दिवशी काम भराभर उरकायला बघायची आणि संध्याकाळपर्यंत पार लोळागोळा व्हायची. मग आठवडाभर लिहून काढलं की ताकद जाते कुठे. धुण्यात नव्हे, झाडण्यात नव्हे. प्रत्येकाला गरम भाकरी हवी म्हणून दिवसातून चार वेळा तवा चढत होता! आता अशा दिवशी तवा एकदाच. सकाळीच धपाटे करते, दही-चटणी ठेवते. ज्याने त्याने वाढून घ्यावं. आणि उठल्याबरोबर मोठ्याने सांगते की आज माझ्याच्यानं होणार नाही. हे सांगणं धपाट्यांपेक्षा अवघड गेलं. यजमानांनी पहिले काही दिवस थट्टा केली.

परवा सून म्हणाली, "आई, मी जरा वामकुक्षी घेते." बाईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पाच मिनिटांत बेल वाजली. मुलगा मोबाइल बघत होता. मी जागची हलले नाही. तिसऱ्या बेलला तो उठला.